फत्तेसिंगकाका ऐच्छिक

"फत्तेसिंगकाका आल्यावाचून सुपारी फुटणार नाही!" शिवाजीरावांनी तिसऱ्यांदा निक्षून सांगितले, आणि त्यांचा चिरंजीव, नवरदेव रणवीर, याने पुन्हा घड्याळाकडे पाहिले.

धार येथील संग्रामरावांच्या दिवाणखान्यात साखरपुड्याची सर्व सिद्धता झाली होती. नवरी ऋतिका पाटावर येऊन बसली होती. मुहूर्त बारा वाजून वीस मिनिटांपर्यंतच होता. पुढचा थेट चार महिन्यांनी. तोवर थांबण्यास वधूपिता संग्रामराव मुळीच तयार नव्हते. मनावर गावातले दुसरे स्थळ त्यांनी हाताशी धरून ठेवले होते. बारा वाजले. काका मात्र शहराच्या नाक्यापर्यंत येऊन तेथेच गाडीत रुसून बसले होते, कारण पत्रिकेत त्यांचे नाव दुसऱ्या ओळीत छापले गेले होते.

इतक्यात रणवीरचा मोबाइल वाजला. बागली गावच्या शिक्षिका सरलाताई बोलत होत्या. रणवीरने शाळांकरिता प्रगतिपुस्तके छापण्याचा एक प्रोग्राम रचून तो कोडसकट सर्वांना विनामूल्य खुला केला होता. त्यात इतरांनी लिहिलेल्या दोन तयार लायब्रऱ्या, म्हणजे प्रोग्रामचे आयते सुटे भाग, जोडल्या होत्या. एक गुणांची बेरीज करी. दुसरी पानाभोवती सोनेरी वेलबुट्टी काढी. दोन्ही त्याने अनिवार्य ठरवल्या होत्या. सरलाताईंच्या जुन्या संगणकावर वेलबुट्टीची लायब्ररी चढत नव्हती, म्हणून प्रोग्राम उघडतच नव्हता.

"रणवीर भिया, बाहेर सव्वाशे पालक उभे आहेत," त्या काकुळतीने म्हणाल्या. "वेलबुट्टी नाही तर नाही, गुण तर छापू द्या!"

रणवीरच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो भर सभेत उभा राहून वडिलांना म्हणाला,

"आबासाहेब, काका असले तर वेलबुट्टीसारखी शोभा आहे. नसले तर तसे जाहीर करावे आणि पुढे चालावे. काका ऐच्छिक आहेत."

"सख्खा काका ऐच्छिक? अरे, काका म्हणजे काय वेलबुट्टी आहे?" शिवाजीराव कडाडले.

"लडका समझदार है," संग्रामराव प्रसन्न होऊन म्हणाले. "सव्वाबारापर्यंत वाट पाहू. मग बिगर काकांचे उरकू. कळवा त्यांना तसे!"

रणवीर कृतार्थ झाला. मधल्या वेळात सरलाताईंचेही दुःख निवारावे, या हेतूने तो लॅपटॉप घेऊन मागील खोलीत शिरला. दार लावले, कानांत इयरफोन घातले. काम दहा मिनिटांचे वाटले होते. परंतु प्रोग्राम सतरा ठिकाणी त्या वेलबुट्टीसाठी अडून बसत होता. एकेक अडसर त्याने निष्ठेने दूर केला. बागलीत पहिले पान छापले गेले, तेव्हा बारा पंचवीस झाले होते!

तो धापा टाकत बाहेर धावला.

सर्वजण पेढे खात होते. ऋतिकाच्या बोटात अंगठी चमकत होती. नवरदेवाच्या पाटावर कुंकू लावलेली तलवार विराजमान होती, आणि तिच्या मुठीला हार घातला होता. शेजारी फत्तेसिंगकाका मिशांना पीळ देत बसले होते. आपल्यावाचून उरकणार हे ऐकताच ते पाचव्या मिनिटाला हजर झाले होते.

"माझ्यावाचून?" रणवीर चाचरला.

"दार ठोकून ठोकून हात दुखले आमचे," ऋतिका म्हणाली.

पुरोहित मोरोपंतांनी तोंडातला पेढा आधी शांतपणे संपवला.

"या घराण्यात नवरदेवाच्या जागी तलवार चालते," ते म्हणाले. "काकांच्या जागी काहीच चालत नाही."