लम्जेदची कबुली

"म्हणजे माझे वडील पीत नव्हते?" लम्जेदनं विचारलं. स्वतःच्या कॅन्सरबद्दल त्यानं अजून एकही प्रश्न विचारला नव्हता.

"यासाठी दारू लागतच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अन्न पचवणारा रस आतड्यात पोचल्यावर कामाला लागायचा, तो तुमच्या स्वादुपिंडातच कामाला लागतो. त्यालाच पचवतो. जनुकातला दोष आहे, जन्माचा. वडिलांनाही असेच झटके यायचे म्हणता, तेव्हा त्यांच्याकडूनच आलाय. वर्षानुवर्षं सूज येत राहते, पेशी पुन्हा पुन्हा घडतात, घडताना नवे दोष शिरतात. त्यातूनच हा कॅन्सर."

गावच्या डॉक्टरनं मात्र 'पिणाऱ्यांचा आजार' म्हणून सांगितलं होतं. तेलाच्या घाण्यावर राबणाऱ्या लम्जेदच्या बापानं, खमीसनं कुराणावर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हा त्याची बायको मबरूका म्हणाली होती, "आधी तो हात काढ त्यावरून." त्या दिवशी त्याचं अंथरूण घाण्यावर गेलं ते गेलंच. बिचारा तिथंच पोट धरून मेला, एकटा. लम्जेदला वाटलं, आईला हे आत्ताच्या आत्ता सांगावं.

तेवढ्यात दुपारनंतरची असरची नमाज आटपून मबरूका आत आली. लेकाचे पिवळे पडलेले डोळे तिनं पाहिले आणि खुर्चीच्या कडेवर टेकली.

"खरं काय ते सांगा बाई. बापाच्याच वळणावर गेला ना हा?"

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडलं. लम्जेदनं आईचा हात धरला. केवढासा झाला होता तो हात. नवरा गेला, आता मुलगा चालला, आणि त्यावर नवरा खरं बोलत होता हेही ऐकायचं? त्याच्यानं ते बघवलं नसतं.

"मी प्यायचो, उम्मी," तो म्हणाला. "ट्युनिसला नोकरीला होतो तेव्हा. तुझ्यापासून लपवलं."

जन्मात तो दारूला शिवला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि फाईल मिटली.

आई हात झिडकारेल, याची त्यानं तयारी ठेवली होती. तिनं त्याचं डोकं ओढून छातीशी घेतलं आणि रडायला लागली.

"वेड्या, आईपासून काय लपवायचं," ती म्हणाली. त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. "तुझ्या बापानंही एकदा असं कबूल करायचं होतं रे. मी त्यालाही जवळ घेतलं असतं."