अर्धा मिलिमीटर

“मशीन दुरुस्त करायचं की भंगारात काढायचं? दहा मिनिटं घ्या,” कारखान्याचे मॅनेजर म्हणाले आणि त्यांनी एक तक्ता तिच्यापुढे सरकवला.

गेल्या महिन्यात तपासणीत नाकारलेल्या पिनांची मापं होती ती. पिन पंचवीस मिलिमीटर जाड हवी. तिने पहिल्या पाच ओळी वाचल्या. साडेपंचवीस. साडेपंचवीस. पुन्हा साडेपंचवीस. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच नोंद: लेथ क्रमांक चार, दुसरी पाळी.

दुसऱ्या पाळीला चार नंबरवर तिचे बाबा असत. सव्वीस वर्षं ते त्याच मशीनवर होते. “आत माझं नाव काढायचं नाही,” त्यांनी सकाळीच बजावलं होतं. “वशिल्याची म्हणतील.” इंजिनियर होऊन तिला दीड वर्ष झालं होतं. ही अकरावी मुलाखत.

ती पाणी प्यायली. लेथचं कापायचं हत्यार झिजलं असतं, तर माप रोज थोडं थोडं वाढत गेलं असतं. मशीन ढिलं झालं असतं, तर कधी जास्त आलं असतं, कधी कमी. हे माप दर वेळी नेमकं अर्ध्याने चुकत होतं. जाडी मोजायच्या मायक्रोमीटरवर अर्ध्या मिलिमीटरची एक बारीक रेघ असते. ती नजरेतून सुटली, की साडेपंचवीसचे पंचवीस दिसतात. कॉलेजात पहिल्या प्रॅक्टिकलला अर्धा वर्ग तिथेच आपटला होता.

हत्यार झिजलंय म्हणून मोकळं व्हावं. उत्तर चुकेल, ही नोकरी हातची जाईल, बाबांची राहील. तिने पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

“काय, मशीन गेलंच ना?” मॅनेजरांनी घड्याळाकडे पाहिलं. “चार नंबर चालवणारा आमचा टर्नरही तेच म्हणतो. मुरलेला माणूस आहे.”

“मशीन असं मोजूनमापून चुकत नाही, सर. माप घेणाऱ्याला रेघ दिसत नाहीये. त्यांचे डोळे तपासायला हवेत.” तिचा आवाज तिलाच परका वाटला. “आणि ते माझे वडील आहेत. हे मी आधीच सांगायला हवं होतं.”

शेजारी टिपणं घेणाऱ्या बाईंचा हात थांबला. मॅनेजरांनी तिला बाहेर बसायला सांगितलं.

बाहेर तिला बसवेना. खुर्ची ते खिडकी, खिडकी ते खुर्ची. वीस मिनिटांनी त्या बाई आल्या.

“एक तारखेला हजर व्हा. आणि वडिलांना पाळीवर जाऊ देऊ नका. साहेबांनी त्यांना वर बोलावलंय.”

ती जिना उतरून धावतच गेटवर आली. दुसऱ्या पाळीची माणसं आत येत होती. काखेत डबा धरून बाबाही आले. ती अगदी पुढ्यात उभी राहिली तेव्हा थांबले.

“काय गं, लागलीस?”

“लागले. पण बाबा, त्यांनी चार नंबरचंच विचारलं. मी सांगितलं, मशीन चांगलं आहे.” तिला त्यांच्याकडे बघवेना. “तुम्हाला वर बोलावलंय.”

बाबांनी डबा दुसऱ्या काखेत घेतला. “चला काका, भोंगा होईल,” मागून कुणीतरी म्हणालं. ते हलले नाहीत.

“नक्की लागलीस ना?”

“एक तारखेपासून.”

“मग हात दे,” बाबा म्हणाले. “मशीनपर्यंतची पावलं मला पाठ आहेत, ऑफिसचा जिना नाही.”