घरचा चार्जर

रेडिओ मेकॅनिकने सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक थायरिस्टरच्या पायाला टेकवलं आणि कालच केलेला जोड पुन्हा वितळवला. जेवणाच्या टेबलावर ट्रान्सफॉर्मर, ॲल्युमिनियमची पट्टी आणि वायरींचं जंजाळ पसरलं होतं. महिनाभर नवराबायको स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या-उभ्याच जेवत होते.

गाडीची बॅटरी पार बसली होती. "आणून द्या, उद्या चार्ज करून देतो," असं बॅटरीवाला म्हणाला होता. मेकॅनिकला ते पटलं नाही. बाजारातले चार्जर बॅटरी उकळवतात, असं त्याचं म्हणणं. त्याच्या चार्जरमध्ये बॅटरी भरली की थायरिस्टर, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक स्विच, आपणहून विजेची वाट बंद करणार होता.

"आता काय राहिलंय?" बायकोने विचारलं.

"हा जोड कोरडा होता. नीट धरला नव्हता."

"चमकत होता. मी पाहिला ना."

त्याने तरी जोडावर पुन्हा टोक टेकवलं. समोरचं त्याला अजूनही केसाएवढं बारीकसुद्धा दिसे. कडेचं मात्र दिसेनासं झालं होतं, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला लावलं होतं. बायकोने गाजावाजा न करता ड्रायव्हिंगचा क्लास लावला, लायसन्सही काढलं. ते हातात पडलं त्याच आठवड्यात त्याने चार्जर करायला घेतला. आधी पट्टी लहान पडली. मग मनासारखा डायोड मिळेना. मग डबा आवडेना.

बायको खुर्ची ओढून समोर बसली.

"अहो, शेजाऱ्यांचा मेलेला टीव्ही तुम्ही एका दुपारीत उभा केला होतात."

"टीव्हीची गोष्ट वेगळी."

"मला एक सांगा. मी वाईट चालवेन याची भीती वाटते, की चांगली चालवेन याची?"

त्याने सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं. गार होत चाललेल्या त्या जोडाकडे तो बघत राहिला.

"दोन्हीची," तो म्हणाला.

मग त्याने डब्याचं झाकण लावलं, स्क्रू आवळले आणि वायरींची टोकं तिच्या हातात दिली. "लाल प्लसला."

"तेवढं कळतं मला."

डब्यावरच्या मीटरचा काटा उसळला आणि मधोमध स्थिरावला. दिवसभरात तो सावकाश खाली येत गेला. मेकॅनिक दर थोड्या वेळाने जाऊन बॅटरीला हात लावून यायचा. ती कोमटही झाली नव्हती. ऊन कलेपर्यंत काटा शून्यावर येऊन टेकला.

"थांबला की हो!" बायको म्हणाली.

"मग! म्हटलं नव्हतं?" बऱ्याच दिवसांनी तो मोकळं हसला.

बॅटरी बसवून झाल्यावर तो सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेला. हँडलला हात लावला, मग काढून घेतला आणि बॉनेटला वळसा घालून पलीकडे जाऊन बसला. बायकोने सीट पुढे ओढली, आरसा स्वतःकडे वळवला. त्याने ते नुसतं पाहिलं. दुसऱ्याच स्टार्टरला गाडी सुरू झाली.

रस्त्याच्या टोकाला वळण होतं. समोरून एक सायकलवाला रेंगाळत येत होता. मेकॅनिकचा उजवा पाय मॅटवर, ब्रेक नसलेल्या जागी, घट्ट दाबला गेला.

नेमकी त्याच क्षणी गाडी हळू झाली.