सुंठीचा लेप

डॉ. देवस्थळींनी एक डोळा बारीक करूनच वृषालीच्या कपाळाला निदानाचा पट्टा बांधला. यंत्र म्हणालं, "वेदना आढळली नाही."

"आढळली नाही म्हणजे?" वृषालीच्या सासूबाई कडाडल्या. "पोरगी सकाळपासून डोकं धरून ओकतेय!"

डॉक्टरांनी पट्टा सोडला. त्याच्या आतल्या बाजूला पिवळट लगदा चिकटला होता.

"हे काय लावलंय?"

"सुंठ, उगाळून. दुसरं काय लावणार?"

"अहो मावशी, त्या थरातून पट्ट्याला काही कळत नाही!"

त्यांनी लेप पुसून पट्टा पुन्हा बांधला. सुंठीने कपाळ लालबुंद झालं होतं. यंत्राने या वेळी झटकन कोड दिला: त्वचेचा दाह. औषधांच्या कपाटातून मलमाची ट्यूब टपकन खाली पडली.

"अर्धशिशी आहे रे, गाढवा!" डॉक्टर यंत्रावर ओरडले.

"मग तुम्हीच तसं लिहा की. डॉक्टर आहात ना?" सासूबाई म्हणाल्या.

"माझ्या लिहिण्याने कपाट उघडत नाही. यंत्राचाच कोड लागतो, आणि तो उद्यापर्यंत बदलत नाही."

वृषाली कण्हली. डॉक्टरांनी चडफडत तिचा पट्टा सोडला, पुसला आणि स्वतःच्याच डोक्याला बांधला.

"अर्धशिशी, तीव्र," यंत्र म्हणालं. कपाटाने एक इंजेक्शन पुढे केलं. डॉक्टरांनी ते वृषालीला टोचलं.

सासूबाई बघतच राहिल्या. "म्हणजे तुमचंही दुखतंय? मग तुमचं इंजेक्शन?"

"माणशी एकच मिळतं." डॉक्टरांनी दिवा मालवला आणि डोकं टेबलावर टेकवलं. "मावशी, ती सुंठ उरलीय का थोडी?"