टायरची नाडी

लाल गाडी लिफ्टवर चढली आणि वैद्यांनी चष्मा पुसायला घेतला. तपासणी सुरू झाली, असा त्याचा अर्थ.

वैद्य हे त्यांचं आडनाव नव्हे. टायरच्या धंद्यात चाळीस वर्षं काढल्यावर लोकांनी दिलेली ती पदवी. टायरवरून हात फिरवला की ते गाडीवाल्याचा स्वभाव सांगत. एकाला त्यांनी नुसत्या टायरवरून “डावा गुडघा दुखतो ना?” असं विचारलं, आणि आला तेव्हा धडधाकट असलेला तो माणूस जाताना लंगडत गेला, असं दुकानात अजून छातीठोकपणे सांगतात.

आजचा रोगी मात्र घरचा होऊ पाहत होता. गाडी ज्या तरुणाची, त्याच्याशी वैद्यांच्या मुलीला लग्न करायचं होतं. मुलगी दुकानातच टायर बसवायची, चाकांचं बॅलन्सिंग करायची. दोन वर्षं ती विचारत होती आणि दोन वर्षं वैद्य नन्नाचा पाढा वाचत होते. कारण ही गाडी. लाल, बुटकी, दोन सीटांची. असली गाडी घेणारा डोक्याने उडाणटप्पूच असणार, आणि दोन सीटांत संसार बसवायचा कुठे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या होकाराशिवाय मुलगी पाऊल उचलणार नव्हती.

शेवटी गेल्या रविवारी त्यांनीच तोडगा काढला. त्याचे टायर बदलायला झालेत ना? मग पुढच्या रविवारी गाडी घेऊन ये म्हणावं. जुने टायर मी बघतो. चांगले निघाले तर होकार, नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही.

निकाल ऐकायला वैद्यांची बायकोही येऊन बसली होती. कोपऱ्यातली खुर्ची, मांडीवर मासिक.

वैद्यांनी आधी गाडीच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचला. पुढे २१५ मिलिमीटर रुंदीचे टायर, मागे २४५, असं कारखान्याचं फर्मान. मग ते टायरांकडे वळले. चारही २१५.

“मागे बारीक का बसवलेस?”

तरुणाने मुलीकडे पाहिलं. “मी निवडलेले नाहीत ते, काका.”

मशीनमागून मुलगी म्हणाली, की त्याला मिरवायची हौस नाही, एवढंच.

वैद्यांच्या कपाळावरची एक आठी उतरली. असल्या गाडीला मागे रुंद टायर देतात ते सुसाट निघताना रस्ता पकडायला. ज्याने ते मुद्दाम बारीक केले त्याला सुसाट जायचंच नसणार. आपण शोधत होतो ते बेणं हे नव्हे की काय, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं. आता त्यांचं कुतूहल चाळवलं. ते चक्क गुडघ्यावर बसले.

टायरच्या कडेवरचे बनावटीच्या तारखेचे आकडे चार वर्षांपूर्वीचे होते. झीज मधे जेवढी, तेवढीच दोन्ही काठांना. म्हणजे हवा वेळच्या वेळी भरलेली. बाजूला फुटपाथ घासल्याचा एक ओरखडा नाही. करकचून ब्रेक मारल्याची खूण नाही. खाचेत अडकलेला खडासुद्धा नाही. कोणीतरी बसून वेचून काढत असणार. वैद्य बोट फिरवत गेले आणि त्यांचा आवाज हळू होत गेला, देवघरात होतो तसा.

“रागावून निघालेला माणूस पहिल्याच वळणावर रबर सोडतो,” ते म्हणाले. “याने चार वर्षांत एकदाही रागाने गाडी काढलेली नाही. राग आला नसेल असं नाही हं. गिळला असेल.”

कोपऱ्यात मासिकाचं पान उलटलं.

असा चालवणारा हजारात एक, असं ते लिफ्टला टेकून सांगू लागले. नाहीतर आमच्या घरची गाडी बघा, बाईसाहेब चालवतात. तिच्या टायरांकडे बघायचीसुद्धा आपली छाती होत नाही. काय बदलायचं ते पोरगी परस्पर बदलते.

तरुण अवघडून पुढे आला. “काका, मला एक सांगायचं होतं.”

मुलीच्या हातातला पाना सुटला आणि नेमका त्याच्या बुटावर पडला. सांगायचं राहून गेलं. तो एका पायावर नाचत असताना वैद्यांनी ते लाजणं आहे असं धरलं.

मग नवे टायर निवडणं आलं. मांडणीत तीन कंपन्यांचे होते आणि तिघांना वैद्यांनी ठेवलेली नावं होती. घोरपड, म्हणजे वळणावर रस्त्याला चिकटणारा, पण वर्षात गुळगुळीत होणारा. पैलवान, खड्ड्यांना न भिणारा, पण कानाशी गुरगुरणारा. आणि मांजर, पाण्यातही पाय न घसरणारं, आवाज न करणारं. तरुणाची नजर घोरपडीवर खिळली होती. मुलीने घसा खाकरला, तशी ती मांजरावर आली.

“मांजरच,” वैद्य खूश होऊन म्हणाले. “पण मागे आता स्टिकरप्रमाणे २४५. शेजारी माझी मुलगी बसणार. पावसात गाडीची शेपूट हलता कामा नये.”

मग मुलगी वडिलांच्या गळ्यात पडली, ग्रीसच्या हातांनिशी. वैद्यांनी सदऱ्याची पर्वा केली नाही. सगळ्यांच्या देखत त्यांनी जावयाचा हात हातात घेतला, शब्द दिला, आणि दिलेला शब्द वैद्य फिरवत नाहीत हे सगळ्या बाजारपेठेला ठाऊक होतं.

नवे टायर चढले. दोघं गाडी फिरवून बघायला गेली. वैद्यांनी जुने चार पुसून ओळीने भिंतीला लावले. हे भंगारात द्यायचे नाहीत, त्यांनी बायकोला सांगितलं. दर्शनी भिंतीवर टांगायचे. गाडी कशी चालवावी आणि माणसाने कसं असावं, हे गिऱ्हाइकांना दाखवायला.

बायकोने मासिक मिटलं.

“टांगा की,” ती म्हणाली. “चार वर्षं माझ्या गाडीला होते, तेव्हा तुम्ही एकदा वाकूनही बघितलं नाहीत.”