ताईच्या आवाजामागे

अमेरिकेत भरलेल्या विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय, बर्फाच्या उतारावरच्या स्की शर्यतीत व्हर्जिनियाची अंध शर्वाणी उतरली होती. तिच्यापुढे वाट दाखवायला थोरली बहीण केतकी. हेल्मेटमधल्या माइकवरून केतकी वळणं सांगायची आणि शर्वाणी त्या आवाजामागे झेपावायची. मागचीने पुढचीला गाठलं तर दोघी बाद, असा नियम! आज शर्वाणीला पंखच फुटले होते. तिच्या स्कींची सळसळ केतकीच्या पाठीला भिडली. गेल्या हिवाळ्यात अशाच वेगात पडून केतकीने खांदा मोडून घेतला होता. "ताई, फास्टर!" शर्वाणी ओरडली. केतकीने काठ्या काखेत मारल्या आणि स्वतःला उतारावर झोकून दिलं. "डावीकडे... सरळ... सुसाट!" दोघी एकामागोमाग रेषेपार गेल्या. फलकावर दुसरा क्रमांक झळकला. "मी जाम घाबरले होते," केतकी धापा टाकत म्हणाली. शर्वाणी खिदळली, "खरंच? मला तर वाटलं, तुला मजा येतेय!"