उसना आवाज

रेडिओची गाडी निर्वासितांच्या छावणीत आली तशी माणसं तंबू सोडून रांगेला लागली. अबू विदाद तेवढा पाण्याच्या टाकीशी बसून राहिला. सीमेपलीकडे अडकलेल्या आपल्या माणसाला दोन वाक्यांचा निरोप द्यायचा. दुपारच्या बातम्या संपल्या की तो रेडिओवर लागणार. मागच्या खेपेला म्हाताऱ्यानं आपल्या लेकीला, विदादला, निरोप दिला होता. त्याच्या आधीच्या खेपेलाही. अक्का शहराच्या बंदरावर, पळापळीत, तिचा हात त्याच्या हातातून सुटला होता. जबाब कधीच आला नव्हता.

शेजारच्या तंबूतली रस्मिया त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. तिचा बाप, हाज मसऊद, नुकताच गेला होता. कबरीवरची माती अजून ओली होती.

"काका, एक मागते. नाही म्हणू नका."

"बोल की पोरी."

"माझ्या बाबांच्या नावानं बोला. तुमचा आवाज त्यांच्यासारखाच बसका आहे."

म्हातारा मान हलवत टाकीकडे मागे सरकला.

"इन्साफताई तिकडे अक्कात आहे, माहेरचं कुणी जवळ नाही. दिवस भरलेत तिचे. बाबा गेले हे तिनं रेडिओवर ऐकायचं, आणि मग रडायला कुणाच्या गळ्यात पडायचं?"

"मेलेल्याच्या तोंडून बोलू? देव कान उपटेल माझे, रस्मिये."

"देवाला काय सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही ताईला सांगा."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला.

गाडीतल्या माणसानं त्याच्यापुढे माइक धरला. "आधी नाव, मग खुशाली. आणि रडायचं नाही हं आजोबा, टेप फुकट जाते."

"मी हाज मसऊद," अबू विदाद म्हणाला. "इन्साफ, आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमची खुशाली कळवा."

ठरलं होतं ते एवढंच. पण म्हाताऱ्यानं माइक सोडला नाही.

"पोरी, गर्दी फार होती गं. हात सुटला तुझा. मला माफ कर."

बटण दाबलं गेलं. "चला, पुढचा!"

परतताना म्हाताऱ्यानं विचारलं, "बिघडवलं ना मी?"

"ताईचा हात कधी सुटला नव्हता काका," रस्मिया हळू म्हणाली. "ती सासरी होती. मागे राहिली."

उन्हाळा लागला. कहवाखान्यात दुपारच्या बातम्यांना नेहमीची दाटी होती. मालक रेडिओचा कान पिळत होता. "कैरोवाला म्हणतो जिंकलो, लंडनवाला म्हणतो बघू, आणि आपण आहोत तंबूत!" माणसं हसली. मग पलीकडचं स्टेशन लागलं, बातम्या संपल्या, निरोप सुरू झाले, आणि हसणं थांबलं. बायका दाराबाहेर उभ्या राहून ऐकत होत्या. रस्मिया त्यांच्यातच होती.

"अक्काहून इन्साफ बोलतेय. रस्मियासाठी. मुलगा झाला. मसऊद नाव ठेवलंय."

दारातल्या बायकांनी रस्मियाला मिठ्या मारल्या. तिनं हातानं सगळ्यांना गप्प केलं. ताईचं बोलणं संपलं नव्हतं.

"बाबांना कुठल्या मातीत ठेवलंत, तेवढं कळव. आणि जे काका माझ्याशी बोलले, त्यांना म्हणावं, त्यांच्या पोरीनं ऐकलं की नाही, देव जाणे. मी ऐकलं. माफ केलं म्हणावं."

पुढचा निरोप हैफाच्या कुणाचा तरी होता. तो कुणाच्याच कानात शिरला नाही. आतल्या माणसांनी पाय आवरून वाट दिली, आणि अबू विदाद भिंतीला धरून धरून दाराशी आला. रस्मिया उन्हात ताठ उभी होती, ओठ घट्ट मिटून, बाप गेल्या दिवसापासून उभी होती तशीच.

म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रड आता, पोरी," तो म्हणाला. "तिला कळलंय."